आमच्या हुकमी आजारी बाई

परभणी जिल्ह्यात आजारी पडता येणारी एकच व्यक्ती आहे आणि ती स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. बाकीचे आपण सगळे नुसतेच आजारी पडतो. ताप आला की अंथरूण धरायचं, कण्हायचं, गोळ्या गिळायच्या आणि चौथ्या दिवशी चेहरा पाडून कामावर यायचं. त्यात ना काही तयारी, ना कल्पकता. आमच्या बाईंचं तसं नाही. त्या सकाळी झरीहून एसटीनं येतात, डबा कपाटात ठेवतात, चष्मा पदराला पुसतात आणि आज भाजी कुठली करू असं विचारावं इतक्या सहज मला विचारतात, "आज काय होऊ गं? मूतखडा का बाळंतीण?" मी वहीतून मान वर न करता म्हणते, "काहीही व्हा, पण साडेबाराच्या आत बऱ्या व्हा. पुढचा तास माझा आहे." आणि बाई साडेबाराला दहा मिनिटं कमी असताना हमखास बऱ्या होतात. इतकं वक्तशीर आजारपण मी दुसऱ्या कुणाच्या नशिबी पाहिलेलं नाही.

आम्ही दोघी परभणीतल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवतो. बाई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, निवृत्तीला टेकलेल्या. मी पन्नाशीच्या अलीकडे पाय रोवून उभी. आमच्या कॉलेजात डेमो रूम नावाची एक खोली आहे. तिथं एक पलंग, सलाईनचा एक स्टँड आणि पलंगावर रबराची एक गोरीपान डमी असे. मुलांनी वॉर्डात पाऊल टाकण्याआधी या डमीवर हात बसवायचा, अशी रीत. बाईंचं आणि डमीचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. "ही बया बोलत न्हाई, रडत न्हाई, हिला लाज न्हाई, भूक न्हाई," बाई म्हणाल्या. "असला पेशंट आपल्या जिल्ह्यात कुठं भेटायचा?" आणि त्यांनी डमीला काखोटीला मारून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं व तिच्या जागी स्वतः आडव्या झाल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली. डमी अजून खुर्चीतच आहे. एकदा तपासणी समितीबरोबर आलेल्या एका गृहस्थांनी खुर्चीतल्या डमीला वाकून नमस्कार केला आणि पलंगाकडे बोट दाखवत मला विचारलं, "मॉडेल अगदी हुबेहूब आहे हो. कुठून मागवलं?" मॉडेल उठून बसलं आणि म्हणालं, "झरीहून."

डोक्याला टॉवेल गुंडाळला की बाई जिंतूरकडचे एक म्हातारे आजोबा होतात. या आजोबांना कानानं कमी ऐकू येतं आणि तंबाखूचा विषय निघाला की अजिबातच ऐकू येत नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला की त्या निवृत्त मास्तर होतात. मास्तरांनी मोबाइलवर सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि ते नर्सलाच सलाईन कसं लावायचं ते समजावून सांगतात. पदर नाकापर्यंत ओढला की नवी सून. या सुनेला कुठंतरी भयंकर दुखत असतं, पण कुठं ते ती सांगत नाही, कारण शेजारी सासू बसलेली. सासू म्हणजे खुर्चीतली डमी. एका मुलीनं बिचारीनं अर्धा तास गोड बोलून, रागावून, पोटावर हात ठेवून विचारलं, सून गप्प. शेवटी ती मुलगी उठली, डमीपुढं वाकून म्हणाली, "मावशी, जरा बाहेर बसता का?" आणि डमीला उचलून व्हरांड्यात ठेवून आली. त्याबरोबर सुनेनं पदर वर केला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. त्या मुलीला ते जन्मात विसरता येणार नाही. हाच मुद्दा मी फळ्यावर 'रुग्णाची गोपनीयता' असा लिहून खाली दोन रेघा मारते. रेघा मुलांच्या लक्षात राहतात.

पण बाईंची खरी करामत नाटक संपल्यावर. आम्ही बाकीचे शिक्षक चुका काढतो. मी तर छापील तक्ता आणि लाल पेन घेऊनच उभी असते: हात धुतले, बरोबर, पडदा ओढला नाही, चूक. बाई कधीच बाई म्हणून अभिप्राय देत नाहीत. त्या पलंगावरून उठत नाहीत, टॉवेल सोडत नाहीत, पेशंटच बोलतो. "पोरी, पट्टा लय मऊ हातानं बांधलास, बरं वाटलं बघ. पण सुई हातात घेतल्यावर तू माझ्याकडं न बघता घड्याळाकडं बघायलीस. मला वाटलं, हिला जिंतूरची गाडी गाठायचीय आन् माझा जीव मधल्यामधी." एका दांडग्या मुलाला आजोबा म्हणाले, "ब्रदर, तुमी मला चार वेळेस म्हणलात घाबरू नका. पहिल्यांदा म्हणलात तवर मी घाबरलो नव्हतो." वर्ग खो खो हसतो, ज्याला बोलणी बसली तोही हसतो, आणि ती चूक पुन्हा त्याच्या हातून होत नाही. माझ्या लाल पेनानं खुणा केलेल्या चुका मात्र तीन-तीन वर्षं सुखानं नांदतात आणि पदवी घेऊनच बाहेर पडतात.

या सगळ्या नाटकात एक गोष्ट तेवढी अगदीच लुटुपुटीची होती. ती म्हणजे बीपी. दिवसाला वीस-बावीस मुलांनी दंडावर पट्टा आवळून फुगा दाबला तर हात सुजून यायचा, म्हणून बाईंनी तोड काढली होती. मुलांनी पट्टा बांधायचा, स्टेथोस्कोप कानाला लावायचा, फुगा दोनदा दाबल्यासारखा करायचा आणि मग बाईंच्या उशाखाली हात घालून चिठ्ठी काढायची. त्या दिवशीच्या पेशंटचा बीपी चिठ्ठीवर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेला असे. तो मोठ्यानं वाचायचा आणि वहीत मांडायचा. खरा बीपी मोजायला वॉर्डातले पेशंट होतेच. ही पद्धत सगळ्या कॉलेजच्या इतकी अंगवळणी पडली होती की बाईंना खराखुरा रक्तदाब असू शकतो, हे आम्ही एवढे शिकलेसवरलेले लोक साफ विसरून गेलो होतो.

आता कबूलच करून टाकते: मला या बाईंचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अगदी पोटात दुखेपर्यंत. मुलं त्यांना 'बाई' म्हणतात आणि मला 'मॅडम'. मॅडम हा शब्द दारातूनच उच्चारता येतो. बाई म्हणायला आत यावं लागतं. वर्षाच्या शेवटी मुलांकडून शिक्षकांबद्दलचा अभिप्राय नाव न घालता लिहून घेतात. बाईंचे कागद दोन्ही बाजूंनी भरलेले असतात, काहींना तर पुरवण्या जोडलेल्या. माझ्याबद्दल एकामागून एका कागदावर एकच वाक्य असतं: 'मॅडम वेळेवर येतात.' भिंतीवरच्या घड्याळाबद्दलही लोक याहून प्रेमानं बोलत असतील. मी एकदा धाडस करून एका मुलाला विचारलं, "बाईंच्यात असं काय आहे रे?" तो फार विचार करून म्हणाला, "मॅडम, त्या आधी इचारतात, जेवलास का." मग मीही दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या गरजले, "जेवलात का सगळे?" सगळी मुलं ताडकन उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "येस मॅडम!" त्यातली निम्मी उपाशी होती, हे मला मागाहून बाईंकडून कळलं. उपाशी पोरानं पेशंटला हात लावायचा नाही, हा बाईंचा कायदा आहे आणि त्यासाठी त्यांच्या पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असतो. माझ्या पर्समध्ये लाल पेनाच्या रिफिली असतात.

आणि रडण्याचं तर विचारूच नका. शिकाऊ नर्सला रडायला जागा लागते. पहिला मृत्यू पाहिला, डॉक्टर ओरडले, घरची आठवण आली, पेपर अवघड गेला. कारणांना तोटा नाही. हॉस्टेलवर एका खोलीत चौघी, बाथरूमपुढं रांग. बाईंनी कपड्यांच्या कोठीत, जिथं वॉर्डातल्या धुतलेल्या चादरी येऊन पडतात, तिथं एक खुर्ची टाकली आणि किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली. कुणीही जावं, आतून कडी लावावी आणि मनसोक्त रडावं. कुणी का म्हणून विचारणार नाही. अट एकच: रडता रडता चादरींच्या घड्या घालायच्या. "नुसतं बसून रडलं की रडू लांबतं," बाई म्हणतात. "हात चालू ठेवले की बरोबर दहाव्या चादरीला थांबतं." घड्यांच्या थप्पीवरून बाईंना कॉलेजची तब्येत कळते. माझ्याकडे मात्र आजवर एकही मुलगी रडलेली नाही. एकदा एकीचे डोळे माझ्यासमोर भरून आले. मला इतका आनंद झाला! मी खुर्ची पुढं केली, पाण्याचा ग्लास दिला, आवाज हळवा केला, "बोल बेटा, काय होतंय?" ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या रूममधी जो वासाचा फवारा मारलाय ना, त्याची ॲलर्जी हाय मला."

अशी सगळी माझी परिस्थिती असताना सुकेशनीचं प्रकरण उभं राहिलं आणि ते माझ्याच हातानं.

सुकेशनी दुसऱ्या वर्षाची. देवगाव फाट्याच्या पुढं तिचं गाव, वडील शाळेत कारकून. मुलगी अबोल, हाताची स्वच्छ, पण शंकेखोर. एकदा मोजलेलं तिला पटत नसे. प्रत्येक शिक्षकाला देखरेखीसाठी काही मुलं वाटून दिलेली असतात, तशी ही माझ्या वाट्याची. सोमवारी सकाळी बायकांच्या वॉर्डात ती एका म्हातारीचा बीपी बघत होती. एकदा बघितला, दोनदा बघितला, तिसऱ्यांदा फुगा हातात घेतला. तोवर पुढचे सहा पेशंट ताटकळले. मी भर वॉर्डात म्हणाले, "सुकेशनी, तुझाच तुझ्या कानांवर विश्वास नाही, मग या माउलीनं कुणावर ठेवायचा? अशानं नर्स होता येत नाही." वाक्य झकास जमलं, असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा. म्हातारीनं हात पदराखाली ओढून घेतला आणि मला म्हणाली, "तुमीच बघा बाई, ही पोरगी नको." सुकेशनीनं पट्टा गुंडाळला, वही मिटली आणि संध्याकाळी वडिलांना फोन करून सांगितलं की मला न्यायला या, मला हे जमत नाही.

मंगळवारी प्राचार्य मॅडमनी मला बोलावलं. "तुमच्या गटातली मुलगी कॉलेज सोडून चाललीय. शनिवारी वडील येतायत न्यायला. त्याच्या आत बघा काय ते." मी म्हणाले, बघते. आणि मनाशी पहिली शपथ कुठली घेतली असेल? या मुलीला थांबवीन ही नव्हे. बाईंना यातलं काही कळू देणार नाही, ही. एक तरी मुलगी मी, माझ्या हातानं, बाईंच्या शेंगदाण्यांशिवाय सावरून दाखवणार होते. दुपारी बाई चहाचा कप घेऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी ती सुकेशनी लय घड्या घालायली गं. काल कोठीतली एक चादर बिनघडीची ठेवली न्हाई पोरीनं. दहाव्या चादरीला थांबंना झालंय रडू." मी म्हणाले, "सर्दी झालीय तिला." बाईंनी माझ्याकडं बघितलं, चहा संपवला. "बरं," म्हणाल्या. "तुझी हाय, तूच इचार."

विचारायचं कसं, हे मी बुधवारी ठरवलं. बाईंना जे जमतं ते मला का जमू नये? मी गॅदरिंगमध्ये अभिनयाची बक्षिसं मिळवलेली बाई. बाई वॉर्डात गेलेल्या पाहून मी सुकेशनीला आणि आणखी चौघींना डेमो रूममध्ये नेलं, साडी सावरून पलंगावर आडवी झाले आणि पोटावर हात धरून विव्हळले. विव्हळणं इतकं दणदणीत झालं की व्हरांड्यातून शिपाई धावत आला. त्याला परत पाठवून मी डोळे किलकिले करून सुकेशनीला म्हटलं, "बाळा, मी एक गरीब पेशंट आहे. मला तुझ्या मनातलं सांग." पाचही मुली पलंगाच्या पायथ्याशी सावधान उभ्या. सुकेशनी म्हणाली, "मॅडम, पोटदुखीची कारणं सांगू का? बारा हायत." आणि तिनं बाराच्या बारा सांगितली. मी पडल्या पडल्या तिच्या सातव्या आणि आठव्या कारणाचा क्रम दुरुस्त केला. जिभेला सवयच तशी. मुली गेल्यावर दारात बाई उभ्या दिसल्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. "तू पेशंट झालीच न्हाईस," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "परीक्षकच आडवा पडला व्हता." त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. गुरुवारीही नाही. सुकेशनीनं बॅग भरल्याचं गुरुवारी हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी कळवलं.

शुक्रवारी बाई आल्या त्या गप्पच. काय होऊ, असं विचारलंही नाही. मला वाटलं, रुसल्या. मीच अबोला मोडत विचारलं, "आज काय?" तर एकच शब्द बोलल्या, "डोकं." आणि डेमो रूममध्ये जाऊन पडल्या. दुसऱ्या वर्षाची सगळी मुलं होती. सुकेशनीही होती, कारण तक्त्यात तिची पाळी होती आणि जाईपर्यंत नियम मोडणारी ती नव्हे. मी तक्ता आणि लाल पेन घेऊन दारात उभी राहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले. "डोकं लय ठणकायलंय गं पोरी. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत." मागून एक मुलगा कुजबुजला, "आज बाई फॉर्मात हायत." हशा पिकला. सुकेशनीनं आजी म्हणून नाव विचारलं, पडदा ओढला, पट्टा बांधला. आणि बाकीच्यांसारखा फुगा दोनदा दाबल्यासारखा न करता, खरंच दाबत गेली. सोडला. पुन्हा दाबला. मी म्हणाले, "सुकेशनी, चिठ्ठी." तिनं उशाखाली हात घातला, चिठ्ठी काढली, वाचली आणि तशीच उभी राहिली.

"मॅडम, चिठ्ठीत एकशे तीस हाय."

"मग?"

"कानात दोनशे दहा हाय."

वर्ग हसायला लागला. "मग चिठ्ठीतला लिही ना," मी म्हणाले. हे माझंच वाक्य. पंचवीस वर्षं नर्सिंग शिकवलेल्या बाईचं. सुकेशनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती पलंगाला वळसा घालून पलीकडं गेली आणि दुसऱ्या दंडाला पट्टा बांधायला लागली. तिसऱ्यांदा! सोमवारचं ते झकास वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. तेवढ्यात पलंगावरून बाईच म्हणाल्या, "अगं लिही एकशे तीस आन् सोड मला. घरी म्हैस खोळंबली." पुन्हा हशा. तोवर तिसऱ्यांदा फुगा दाबून झाला होता. आणि त्या हशातून सुकेशनीचा आवाज आला. तो तिचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"आजी, उठायचं न्हाई. मी तीन वेळेस बघितलंय. तुमी आता बोलायचं पण न्हाई."

हसू विझलं. मी पुढं झाले. तिला खोटं पाडायलाच झाले, उगीच चांगुलपणाचा आव कशाला आणू? स्टेथोस्कोप कानाला लावला, फुगा दाबला, हवा सोडत गेले. काटा दोनशे दहावर थरथरला आणि माझ्या कानात स्पष्ट ठोका पडला. मी वाकून विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच बरं नाही का?" बाईंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत ना आजोबा होते, ना मास्तर, ना सून. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळपासनं तेच सांगायलेय की."

मग स्ट्रेचर आलं. दवाखाना आवारातच होता. सुकेशनी शेजारून चालत डॉक्टरांना सांगत गेली, किती वाजता कुठल्या हाताला किती भरला, डोकं कधीपासून दुखतंय, काजवे कधी दिसले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आणलंत हे त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं. मी सुकेशनीकडं बोट दाखवून ती चूक दुरुस्त केली. आयुष्यात प्रथमच लाल पेनाविना.

बाईंना दोन दिवस वॉर्डात ठेवून घेतलं. मुलांना वाटलं, आता काय, पर्वणीच! आता खऱ्या पलंगावर बाईंचा खरा प्रयोग. शनिवारी सकाळी झुंडीनं आली. पण एवढी सोंगं वठवणाऱ्या बाई खऱ्या आजारात अगदीच कच्च्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? "बरी हाय." डोकं? "हाय थोडं." बस. लोकांच्या नावानं भीती, लाज, दुखणं असं रसाळ बोलणाऱ्या बाईंना स्वतःच्या नावानं चार शब्द सुचेनात. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. चादरीची कड मुठीत घट्ट धरलेली मी पाहिली आणि मला कळलं की बाई घाबरल्यात. हे कुणाला दाखवायचं कसं, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला सुकेशनीचे वडील आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रिकामी पिशवी, पोरीचं उरलंसुरलं सामान भरायला आणलेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हातारीनं हात ओढून घेतला तेही सांगितलं. "ती तीन वेळा बघते, याला मी दोष समजले. काल तिनं तीनदा बघितलं नसतं तर..." ते पिशवीची घडी घालत, उलगडत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, लहानपणी शाळेचं गणित पण तीनदा ताळा करून बघायची. आमी हसायचो तिला." थोड्या वेळानं सुकेशनी बाहेर आली. वडील उठले. "आवरलंस का बाळ?"

"बाबा, चारचा बीपी बघायचाय बाईंचा."

"बरं. मग?"

"मग सहाचा."

"आन् मग?"

"मग आठचा," ती म्हणाली आणि आत गेली.

चार वाजता मी पलंगाशी उभी होते. आसपासच्या बायका ऐकत होत्या. बोलायचं तर इथंच बोलायला हवं होतं. मी घसा खाकरला. "सुकेशनी, सोमवारी मी जे बोलले ते चुकलं माझं." मनात मी हा प्रवेश सकाळपासून बसवला होता: ती रडेल, मी तिला जवळ घेईन, बाई भिंतीकडून तोंड वळवून बघतील. सुकेशनी म्हणाली, "हो मॅडम. जरा सरकता का? उजेड अडायलाय." मी सरकले. तिनं एकदा बघितला. पट्टा सैल केला, थांबली, पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा बघितला, मग लिहिला. "एकशे साठ, बाई. कालच्यापेक्षा लय कमी हाय." सुकेशनी स्टूल ओढून बसली आणि खाली वाकून तिनं विचारलं, "भीती वाटायली का?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणून. मग पट्टा सोडवायला आलेला तिचा हात त्यांनी धरला आणि धरूनच ठेवला. सुकेशनीनंही तो काढून घेतला नाही. मी फळांची पिशवी घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि मला पुन्हा तोच ओळखीचा हेवा वाटला. फक्त या वेळी मला ठरवता येईना की मी नेमका कुणाचा हेवा करतेय: जिचा हात धरावासा वाटला तिचा, की जिला तो धरता आला तिचा.

मागून हळूच हाक आली. वॉर्डाच्या दारात सुकेशनीचे वडील होते. आत यायची हिंमत नव्हती त्यांची, की इच्छा नव्हती, कोण जाणे. "मॅडम, मी निघतो," ते म्हणाले. "फाट्याकडची गाडी मिळंल आता. तिला म्हणावं, भरलेली बॅग रिकामी कर. तेवढा निरोप द्या." आणि रिकामी पिशवी काखेत धरून ते जिना उतरून गेले.

इतक्या वर्षांत एका मुलीला सांगण्याजोगं काहीतरी चांगलं माझ्या हाती आलं होतं आणि मी वळून पाहिलं तर त्या दोघी तशाच होत्या. मध्येच बोलावंसं वाटेना. त्यांच्यापैकी कुणीतरी हात सोडेपर्यंत थांबायचं ठरवून मी भिंतीला टेकले. बराच वेळ थांबावं लागलं.